तुम्ही विचारलंत म्हणून: चित्रातलं कळत नसेल तर प्रदर्शनात काय बघायचं?

मी चित्रप्रदर्शनं बघायला जाते हे कळलं की पहिला प्रश्न येतो, "तुम्हाला त्यातलं कळतं का हो?" आणि त्याच्या पाठोपाठ खरा प्रश्न: "आम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नाही, आम्ही येऊन काय करायचं?"

कळायची घाई सोडा आणि पाय वापरा, एवढंच माझं उत्तर. चित्राजवळ जा, लांब या, पुन्हा जवळ जा. नवख्या माणसाला प्रदर्शनात जे मिळतं, त्यातलं निम्मंअधिक या येण्याजाण्यातच असतं. मोबाइलवर ते मिळायची सोय नाही.

मोबाइलवर सगळी चित्रं एका मापाची होऊन जातात. साल्वादोर दालीचं ते वितळत्या घड्याळांचं चित्र बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. ते आहे २४ बाय ३३ सेंटीमीटरचं, मासिकाच्या पानाहून जरासंच मोठं. उलट जॉर्ज सराने १८८४ ते १८८६ या काळात रंगवलेलं, नदीकाठच्या बेटावर रविवार घालवणाऱ्या माणसांचं चित्र दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद आहे. सगळं ठिपक्याठिपक्यांनी भरलेलं. पुढे लावलेली दोरी जाऊ देईल तेवढं जवळ गेलं, तर गवत नुसतं हिरवं उरत नाही; त्यात पिवळे, केशरी, निळे ठिपके शेजारीशेजारी बसलेले दिसतात. मग मागे सरकत जायचं. एका ठिकाणी ठिपके दिसेनासे होतात आणि गवतावर ऊन पडतं. ती जागा प्रत्येकाला आपापली शोधावी लागते, आणि ती शोधायला कलेचा इतिहास पाठ असावा लागत नाही.

मार्क रॉथको या अमूर्त चित्रकाराचं म्हणणं याच्या अगदी उलट. त्याच्या प्रचंड कॅनव्हासपुढे सुमारे दीड फुटावर उभं राहावं, असं तो सांगे, म्हणजे रंग चहूबाजूंनी वेढून टाकतो. "हे काय, नुसते रंगाचे चौकोन!" असं म्हणणारे बहुतेक जण ते दारातूनच म्हणतात, असा माझा अनुभव आहे.

चित्राशेजारची पाटी आधी वाचू नका. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये प्रेक्षकांच्या वेळेची मोजणी झाली होती. २००१ साली ती प्रसिद्ध झाली. नामांकित चित्रांपुढूनही लोक निम्म्या वेळा १७ सेकंदांच्या आत पुढे सरकत होते, आणि त्यात पाटी वाचण्याचा वेळही आला. म्हणजे चित्राच्या वाट्याला काय उरलं असेल! आधी बघून घ्या, मग पाटीकडे वळा, आणि तिथेही माध्यमाची ओळ, म्हणजे चित्र कशावर आणि कशाने केलंय ती, सोडू नका.

वासुदेव गायतोंडे यांच्या अमूर्त चित्रांपुढे ही ओळ फार उपयोगी पडते, कारण पुष्कळदा शीर्षकच नसतं. साल आणि 'कॅनव्हासवर तैलरंग', बस्स. गायतोंडे ब्रशऐवजी रोलर आणि पॅलेट नाइफ, म्हणजे रंगकामाची पातळ सुरी, वापरत, कागदाचे तुकडे ओल्या रंगावर दाबून रंग उचलूनही घेत. एवढं ठाऊक झालं की नजर आपोआप पृष्ठभागावर फिरू लागते: इथे थर खरवडलाय, इथे खालचा रंग वर डोकावतोय. हे कशाचं चित्र आहे, या प्रश्नाला उत्तर मिळेना की रंग कसा लावलाय ते बघावं. काहीतरी हाती लागतंच.

दालनात अंधार फार असतो, ही तक्रारही ऐकते. कागदावरची चित्रं उजेडाने फिकी पडतात, म्हणून तिथे प्रकाश साधारण ५० लक्सपर्यंतच (लक्स हे उजेड मोजायचं एकक) ठेवतात. चार-पाच मिनिटं थांबा, डोळे सरावतात.

सगळं बघायलाच हवं असा काही नियम नाही. एक भरभर फेरी मारावी आणि ज्या दोन-तीन चित्रांनी मान वळवायला लावली त्यांच्याकडेच परत जावं. राग आलेलं एखादं चित्रही त्यात असू द्या. आवडत्या चित्रापेक्षा त्याच्यापुढे जास्त वेळ जातो.

आणि चित्रकार दालनात हजर असेल तर जरूर बोला. फक्त "याचा अर्थ काय?" असं विचारू नका, त्याचं ठरलेलं उत्तर त्याच्याकडे तयार असतं. "सुरुवात कुठून केलीत?" असं विचारलंत तर तो तुम्हाला चित्रापाशी घेऊन जाईल आणि कुठला कोपरा किती वेळा झाकला, हे बोट ठेवून सांगेल. चित्र विकत घ्यायचं नसलं तरी हे विचारायला काहीच हरकत नसते.