64 नंबर आमचा

दोन आठवड्यांपूर्वी एका बाईंनी माझे दोन्ही हात हातात घेऊन आभार मानले आणि ते काही डोक्यातून जाईना. त्यांचा मुलगा आमच्या पोराच्या शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये रनिंग बॅक आहे, म्हणजे बॉल पोटाशी धरून पळणारा. नववीतला पोरगा, पहिलंच वर्ष, आणि त्या संध्याकाळी असा पळाला की स्टँडमधले सगळे उभे. मॅच संपल्यावर बाईंनी विचारलं, तुमचा कुठला? म्हटलं, 64 नंबर आमचा. तर म्हणाल्या, माझा मुलगा आज कपड्यांना माती न लागता घरी चाललाय तो तुमच्या मुलामुळे.

आमच्या पोरानं अख्ख्या मॅचमध्ये बॉलला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

शनिवारी त्यांनी लाइनमधल्या, म्हणजे पळणाऱ्याच्या पुढे उभं राहून समोरच्यांना अडवणाऱ्या, पाचही पोरांना घरी जेवायला बोलावलं, त्यात आमचाही. मेक्सिकन कुटुंब, दोन मोठी पातेली भरून टमाले, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले सारणाचे रोल, केले होते. आधी त्या पाचांना वाढलं, ते पोटभर जेवल्यावर मग स्वतःच्या मुलाला. मी दारात उभा राहून बघत होतो, आणि खरं सांगतो, गळा दाटून आला.

कारण ऑगस्टमध्ये कोचनं त्याला लाइनमध्ये टाकलं तेव्हा मी चिडलो होतो. वाटलं, पोरगा अंगानं भरलेला, सावळा, नाव यांना धड उच्चारता येत नाही, दिला ढकलून मधल्या गर्दीत. हिला म्हटलंसुद्धा, आपल्या पोरांना बॉल देणारच नाहीत हे लोक. आमच्या शेजारी शाळेच्या टीमचे एक रिटायर्ड लाइन कोच राहतात, पंचाहत्तरीचे. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकलं, नातीचे खडू आणले आणि माझ्याच ड्राइव्हवेवर पाच गोल काढले. दीड तास आम्ही त्या गोलांभोवती फिरत होतो.

आम्ही ऑरोराला राहतो, डेन्व्हरला लागूनच, आणि ज्या झोन ब्लॉकिंगबद्दल, म्हणजे समोरच्यांना अडवायच्या एका पद्धतीबद्दल, ते बोलत होते ते डेन्व्हरच्याच टीमनं, ब्राँकोसनं गाजवलं. 1995 मध्ये माइक शानाहान हेड कोच झाले आणि लाइन शिकवायला अ‍ॅलेक्स गिब्स आले. त्याच वर्षी टेरेल डेव्हिस नावाचा रनिंग बॅक ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, 196 व्या नंबरवर, सहाव्या फेरीत घेतला. एवढ्या खाली घेतलेल्या पोराकडून कोणी फार अपेक्षा ठेवत नाही. त्यानं पहिल्याच सीझनमध्ये बॉल घेऊन पळत 1,117 यार्ड काढले आणि 1998 मध्ये 2,008. 1999 मध्ये त्याचा गुडघा गेला, तर त्याच्या जागी आलेल्या ओलँडिस गॅरीनं, तोही नवखाच, 1,159 काढले. 2000 मध्ये पहिल्याच मॅचला गॅरीचाही गुडघा गेला, मग आला माइक अँडरसन. हा माणूस शाळेत फुटबॉलच खेळला नव्हता, बँडमध्ये होता, नंतर मरीन्समध्ये गेला, तिथून कॉलेज, आणि 27 व्या वर्षी नवखा खेळाडू. 1,487 यार्ड! न्यू ऑर्लीन्सविरुद्ध एकाच मॅचमध्ये 251. आणि 2002 मध्ये क्लिंटन पोर्टिस, पहिल्याच वर्षी 1,508. सात-आठ वर्षांत चार नवखे पोरगे, आणि चौघंही हजाराच्या वर.

मी कोचना म्हटलं, म्हणजे पळणारा कोणीही चालतो. ते एकदम गंभीर झाले. कोणीही नाही, म्हणाले, पण एकटाही नाही.

त्यांनी खडूनं जे दाखवलं ते असं. जुन्या पद्धतीत, ज्याला पॉवर म्हणतात, प्रत्येकाला समोरचा माणूस नेमून दिलेला असतो, लाइनमधला एक गार्ड आपली जागा सोडून पलीकडे धावत जातो आणि भोक कुठे पडणार हे आधीच ठरलेलं असतं, पळणाऱ्यानं गार्डच्या मागे दबून राहायचं, घाई करायची नाही. झोन ब्लॉकिंगमध्ये माणूस नाही, जागा नेमून दिलेली असते. पाचही जण एका जुवाला जुंपल्यासारखे एकाच दिशेला एकाच वेळी पाऊल टाकतात. वाटेत आला त्याला शेजारी-शेजारी असलेले दोघं मिळून खांदा लावतात, आणि तो हलला की दोघांतला एक त्याला सोडून मागच्या लाइनबॅकरवर, म्हणजे समोरच्या टीमच्या दुसऱ्या रांगेतल्या खेळाडूवर, जातो. कोण सोडणार आणि कोण थांबणार हे आधी ठरत नाही, समोरचा कुठल्या बाजूला झुकतो त्यावर ठरतं, आणि ते दोघांना एकाच क्षणी कळावं लागतं. गिब्स यांच्या लाइनमधले बहुतेक जण 300 पौंडांच्या आतले, म्हणजे त्या धंद्यात हलकेच, पण पाय चपळ. वर त्यांचा आपसात नियम होता की पेपरवाल्यांशी बोलायचं नाही. यार्ड दुसऱ्याच्या नावावर आणि हे गप्प.

मग पळणाऱ्याचं काम काय? बघायचं. आडवं पळता पळता समोरचे कुठे ओढले जातायत ते बघायचं, एक पाय रोवायचा, एकदाच वळायचं आणि सरळ घुसायचं. नाचायचं नाही. नवखा पोरगा इथेच फसतो म्हणे, कारण खालच्या पातळीवर तो वेगाच्या जोरावर बाहेरून वळसा घालून निघून गेलेला असतो, वरच्या पातळीवर सगळेच तेवढे वेगवान असतात. डेन्व्हरमध्ये नवख्याला एकच गोष्ट घोटून शिकवली, एक पाय, एक वळण. नियम थोडे, म्हणून पोरं लवकर तयार झाली. पण हे सगळं लाइनमुळेच म्हणणारे लोक मला पटत नाहीत, कारण डेव्हिसनं जानेवारी 1998 चा सुपर बोल, म्हणजे सीझनची फायनल, अर्धशिशीनं डोकं फुटत असताना खेळला आणि 157 यार्ड काढले, ते काही खडूचे गोल काढून होत नाही.

मला हे इतक्या पटकन कळलं त्याचं कारण आपली कबड्डी. मी सांगलीला मंडळाकडून पाच वर्षं साखळीत खेळलोय, कोपऱ्यात. चढाईवाला आत आला की शेजाऱ्याचा हात सोडायचा कधी आणि धरून ठेवायचा कधी, हे तोंडानं बोलून होत नाही, मनगटातून कळतं. एक जण अर्धं पाऊल आधी निघाला की साखळी तुटली आणि चढाईवाला मधून गेला. हे मी कोचना करून दाखवलं, त्यांचा हात धरून, ड्राइव्हवेवरच. त्यांना कबड्डी माहीत नव्हती. दोनदा करायला लावलं त्यांनी, मग म्हणाले, हे मी पोरांना तीस वर्षं शब्दांत शिकवत होतो. मला फार अभिमान वाटला, लपवत नाही. आपल्याकडे हे ज्ञान मातीत होतं, फक्त पाटी लावून कोणी विकलं नाही.

पण एक गोष्ट इथल्यांची मानावी लागेल. आमच्या मंडळात साखळीतल्या पोरांना कोणाच्या आईनं आधी वाढल्याचं मला आठवत नाही. हार चढाईवाल्याच्या गळ्यात. अर्थात आपल्याकडे तेव्हा हारच एक असायचा, कोणाकोणाला घालणार, तेही खरं.

आणि पोर्टिसची पुढची गोष्ट ऐकल्यापासून माझ्या मनातलं एक ओझं उतरलंय, ते सांगतो. डेन्व्हरला दोन्ही वर्षं त्याची सरासरी दर धावेला 5.5 यार्ड. 2004 मध्ये तो वॉशिंग्टनला गेला, तिथले कोच दुसरेच गिब्स, नाव जो, त्यांची पद्धत निराळी, पॉवरची. सरासरी 3.8. माणूस तोच, पाय तेच. लोक म्हणायला मोकळे, बघा, सिस्टिमचा खेळाडू. मी तीन वर्षांपूर्वी नोकरी बदलली तेव्हा माझंही हेच झालं. आधीच्या टीममध्ये टेस्टिंगवाले, डेटाबेसवाला, रात्री पुण्यातून फोन उचलणारी दोन पोरं, सगळे माझ्यापुढची वाट साफ करायचे आणि अवॉर्ड मला मिळायचे. नव्या ठिकाणी पहिल्या वर्षी रेटिंग घसरलं, मॅनेजरनं तोंडावर सांगितलं की तुमच्या रेझ्युमेवरून जास्त अपेक्षा होती. घरी फोनवर मी हे कधी बोललो नाही. मी आळशी झालो नव्हतो. पोर्टिसनं दुसऱ्या वर्षी त्याच वॉशिंग्टनमध्ये 1,516 काढले, कारण तोपर्यंत तो आणि लाइन एकमेकांना सरावले होते, निदान मी तरी तसंच समजतो. माझंही दुसऱ्या वर्षी बसलं.

काल पुन्हा मॅच होती. लाइनमध्ये आमच्या पोराच्या शेजारी उभा राहणारा टॅकल तापानं झोपलेला, त्याच्या जागी 58 नंबरचा नवा पोरगा, बिचारा आधीच्या मॅचला बाकावर बसून होता. पहिल्या क्वार्टरपासून दिसत होतं, आमचा पाऊल टाकतोय आणि 58 अर्धा सेकंद मागे, मधून भगदाड पडतंय आणि त्यातून समोरचा थेट रनिंग बॅकच्या अंगावर. पोराला वळायला जागाच मिळेना. सात वेळा बॉल दिला, चार वेळा मागेच पडला. स्टँडमधून लोक ओरडायला लागले, पळ रे, घाबरतोस काय. तेच लोक, जे दोन आठवड्यांपूर्वी उभे राहिले होते.

बाई कामावर होत्या, पोराचे वडील एकटेच आले होते. खाली कुंपणापाशी जाऊन उभे, टोपी हातात. मी उतरलो, त्यांच्या शेजारी उभा राहिलो आणि म्हटलं, तुमच्या मुलाची चूक नाहीये, 64 आणि 58 च्या मध्ये बघा. ते माझ्याकडे बघत राहिले. मग मी कुंपणाच्या पत्र्यावरच्या धुळीत बोटानं पाच गोल काढले.

उरलेला खेळ आम्ही दोघांनी बॉल सोडून ते पाच पोरगेच बघितले. चौथ्या क्वार्टरला एकदाच 58 नं वेळेवर पाऊल टाकलं, आमच्या पोराच्या खांद्याला खांदा भिडला, समोरचा बाजूला सरकला आणि मधून त्यांचा पोरगा निघाला. चार यार्ड. मॅच कधीच हातातून गेली होती, स्टँडमध्ये कोणाचं लक्षसुद्धा नव्हतं. त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता.