कोल्हापूर, जोतिबा, पन्हाळा : आणि पन्हाळ्यावर मुकी झालेली किल्ली

गाडी घेऊन ११ महिने झाले होते आणि ती अजून जोतिबाला नेली नव्हती. सासरचं कुलदैवत, त्यामुळे सासूबाईंना याची रुखरुख होती. शेवटी जुलैच्या एका शनिवारी पहाटे आम्ही पुण्याहून निघालो. मी, नवरा, आई म्हणजे सासूबाई, आणि चार वर्षांचा मुलगा. सुमारे २३० किलोमीटरचा रस्ता. वाटेत खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी असे चार टोल लागतात, तेव्हा फास्टॅग भरून घ्या.

शनिवारी अंबाबाईचं दर्शन घेतलं. देवळाच्या जवळ गाडी नेण्याचा हट्ट करू नका. महाद्वार रोडला पायी चालणंसुद्धा अवघड होतं. बिंदू चौकातल्या वाहनतळावर गाडी लावून चालत जाणं सगळ्यात सोपं, आईंनाही ते अंतर जड गेलं नाही. रात्री गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायलो.

रविवार हा जोतिबाचा वार, त्यामुळे गर्दी असणारच. सकाळी लवकर पोचलो तरी डोंगरावर गुलालाचा सडा पडलेला होता. ‘चांगभलं’चा गजर, खोबऱ्याची उधळण, आणि पायरीपासून कळसापर्यंत सगळं गुलाबी. नवी गाडी म्हणून आईंनी किल्ली पूजेच्या ताटात ठेवली. पुजाऱ्यांनी ती देवाच्या पायाशी लावली, वर मूठभर गुलाल टाकला आणि परत दिली. पाऊस भुरभुरत होता. किल्ली मी पदराला पुसली आणि पर्समध्ये टाकली. पुढे जे झालं त्याचं मूळ इथे आहे, पण हे कळायला दोन दिवस लागले.

सोमवारी पन्हाळा. कोल्हापूरपासून साधारण २० किलोमीटर, रत्नागिरी रस्त्याने वाघबीळपर्यंत जाऊन वर वळायचं. पावसाळ्यात निघण्याआधी रस्ता चालू आहे का, हे विचारून घ्या. पंचगंगेला मोठा पूर आला की केर्लीजवळ हा रस्ता पाण्याखाली जातो. आम्हाला रस्ता मोकळा मिळाला, गडावर मात्र ढग उतरलेले होते. बाजीप्रभूंचा पुतळा दहा पावलांवर येईपर्यंत दिसला नाही. १६६० च्या जुलैमध्येच महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून याच गडावरून विशाळगडाकडे निघाले होते. तो पाऊस, तो चिखल अंगावर घेतल्यावर ती रात्र वेगळीच कळते. सज्जाकोठी आणि तीन दरवाजा पाहून चारच्या सुमारास गाडीपाशी आलो. मूल झोपेला आलेलं, आईंची साडी ओली.

दाराच्या हँडलवरचं बटण दाबलं, काही नाही. किल्लीवरचं अनलॉक दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं, काचेला चिकटवून दाबलं. गाडी गप्प.

इथे आम्ही वीस मिनिटं घालवली. ती तुमची वाचावीत म्हणून हे सविस्तर लिहिते. पुश बटणाच्या गाडीची किल्ली म्हणजे एका डबीत बसवलेल्या तीन किल्ल्या आहेत. पहिली रेडिओ. बटण दाबलं की ती साधारण ४३३ मेगाहर्ट्झवर गाडीला संदेश धाडते, आणि त्यासाठी आतला नाण्याएवढा सेल लागतो. दुसरी म्हणजे इमोबिलायझरची, म्हणजे खरी किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची चिप. तिला सेल लागत नाही. गाडीच्या अँटेनाजवळ नेली की अँटेनाच्या चुंबकीय क्षेत्रातूनच तिला पुरेशी वीज मिळते आणि ती आपली ओळख सांगते. तिसरी साधी लोखंडी पात, डबीच्या कडेला लपवलेली. सेल संपला तर फक्त पहिली मरते. बाकीच्या दोघी जिवंत असतात.

डबीच्या कडेची छोटी खिट्टी सरकवून पात बाहेर काढली. आमच्या गाडीत ड्रायव्हरच्या दाराला किल्लीचं भोक उघडंच आहे. पुष्कळ गाड्यांत ते हँडलवरच्या एका टोपणाखाली असतं, खालच्या फटीत पातीचं टोक घालून ते टोपण उचलायचं. दार उघडलं आणि हॉर्न बोंबलायला लागला. घाबरू नका. पातीने उघडलं की बहुतेक गाड्यांना ती चोरी वाटते. आत बसून ब्रेक दाबला आणि किल्लीची डबीच स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबलं. हॉर्न थांबला, इंजिन सुरू झालं. काही गाड्यांत किल्ली कपहोल्डरमध्ये किंवा कन्सोलमधल्या खाचेत ठेवावी लागते. तुमच्या गाडीची जागा कुठली, ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. घरून निघण्याआधी ते पान मोबाइलवर फोटो काढून ठेवा. गडावर, पावसात, नेटवर्क नसताना ते शोधता येत नाही.

गाडी अशी सुरू झाल्यावर एक पथ्य पाळा. सेल मेलेला असताना किल्ली आत राहिली आहे हे गाडीला कळत नाही, त्यामुळे ती आत ठेवून दार कधी लावू नका. आम्ही ती नवऱ्याच्या खिशातून हलू दिली नाही.

संध्याकाळी राजारामपुरीतल्या एका घड्याळाच्या दुकानात सीआर २०३२ घेतला. या आकड्याचा अर्थ २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. २०२५ आणि २०१६ दिसायला सारखेच, पण पातळ. ते बसल्यासारखे वाटतात आणि खड्ड्यात गाडी आदळली की संपर्क तुटतो. जुना काढण्याआधी त्याचा फोटो काढा, म्हणजे अधिकची बाजू वर होती की खाली यात गोंधळ होत नाही. बहुतेक किल्ल्यांत सेल बदलल्याने प्रोग्रामिंग पुसलं जात नाही, तेव्हा त्याची धास्ती नको. आणि घरात लहान मूल असेल तर जुना सेल लगेच खिशात टाका. आमच्या मुलाने तो चकचकीत म्हणून उचललाच होता. असा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत भाजल्यासारखी जखम होऊ शकते. असं झालं तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

नव्या सेलने किल्ली पहिल्यासारखी चालली. आम्ही निश्चिंत झालो. मंगळवारी सकाळी शाहूपुरीतल्या हॉटेलातून बॅगा घेऊन खाली आलो, तर किल्ली पुन्हा मुकी.

आता मात्र मला ते पटेना. असा सेल सहज वर्ष-दोन वर्षं चालतो, कारण किल्ली बहुतेक वेळ झोपलेली असते. इथे ११ महिन्यांत एक गेला आणि एका रात्रीत दुसरा. गाडीची मोठी बॅटरी म्हणावी, तर दार पातीने उघडल्यावर आतला दिवा लख्ख लागत होता. आसपासच्या मोबाइल टॉवरचा अडथळा म्हणावा, तर पन्हाळा आणि शाहूपुरी अशा दोन ठिकाणी तेच झालं होतं. राहिली किल्ली स्वतः. दुसरी किल्ली असती तर हे एका मिनिटात सिद्ध झालं असतं, पण ती पुण्यात कपाटात होती. प्रवासाला दुसरी किल्ली घ्याच, आणि ती दुसऱ्या माणसाच्या पिशवीत ठेवा.

हॉटेलवाल्यांनी शाहूपुरीतल्याच एका मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर पाठवलं. तिथल्या पोराने कालच्या सेलला मीटर लावलं. नवा सेल तीन व्होल्टच्या वर दाखवतो, आमचा २.३ वर आलेला. मग त्याने किल्ली डोळ्यासमोर आडवी धरली.

“ताई, लॉकचं बटण खाली बसलंय बघा. दुसरं वर हाय.”

खरंच होतं. डबी उघडली, बोर्ड उचलला, आणि रबराच्या पडद्याखाली गुलाबी चिखल. पावसाच्या ओलाव्याने गुलाल भिजून तिथे लापशी झाली होती. लॉकचं बटण दाबलं की ते पूर्ण वर येत नव्हतं, आणि गाडी लावताना शेवटी दाबतो ते लॉकच. बटण दाबलेलं राहिलं की किल्लीला झोप लागत नाही, ती सेल पिऊन टाकते.

“जोतिबास्नं आलाय नव्हं? महिन्याला दोन-चार येत्यात अशा,” तो म्हणाला.

त्याने बोर्ड मऊ ब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, रबर साध्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवलं, सेलला टेकणारी पत्र्याची जीभ किंचित वर उचलली. अर्धा तास लागला. पेट्रोल किंवा थिनर वापरू नका, प्लॅस्टिक पांढरं पडतं. नवा सेल टाकला, त्यानंतर आज तीन आठवडे झाले, किल्ली व्यवस्थित आहे.

आईंना वाटत होतं की आपल्यामुळे झालं. तसं काही नाही. किल्ली देवाच्या पायाशी लावायचीच, फक्त आधी छोट्या प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून, नाहीतर नुसती पात काढून ताटात ठेवायची. घरी आल्यावर आईंनी खणाच्या तुकड्याची चिमुकली पिशवी शिवली आहे, आतून प्लॅस्टिकचं अस्तर लावून. पुढच्या वेळी किल्ली तिच्यातून जाईल.