लेबकूखनचा डबा आणि सफरचंदाची फोड

जर्मनीत न्यूर्नबर्गला नोकरी करणारा भाचा तीन वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीत बेळगावला आला, तेव्हा त्याने आणलेल्या पत्र्याच्या डब्यातला तळहाताएवढा तपकिरी लेबकूखन मी मोडून तोंडात टाकला आणि तो घरी करण्याचा नाद मला लागला. दिसायला ते बिस्कीट असले तरी दाताखाली केकसारखे मऊ आणि किंचित ओलसर लागते. नावातल्या ‘कूखन’चा अर्थही केकच आहे.

न्यूर्नबर्गभोवतीच्या जंगलातला मध आणि व्यापारी मार्गांनी त्या शहरात येणारे मसाले यांच्या जोरावर तिथे हा पदार्थ वाढला, आणि 1996 पासून युरोपीय संघात ‘न्यूर्नबर्गर लेबकूखन’ या नावाला भौगोलिक संरक्षण आहे. त्यातल्या सर्वांत उंची ‘एलिझन’ प्रकारात बदाम, हेझलनट किंवा अक्रोड निदान 25 टक्के असावे लागतात आणि पीठ 10 टक्क्यांच्या वर चालत नाही. तो कागदासारख्या पातळ वेफरवर थापून भाजतात. तसले वेफर मला इथे मिळाले नाहीत, म्हणून मी पिठाचा, लाटून कापायचा साधा प्रकार धरला.

मधाऐवजी मी काकवी घेते. दिवाळीनंतर संकेश्वराकडची गुऱ्हाळे सुरू झाली की नात्यातून एक बरणी घरी येतेच, आणि दालचिनी-लवंगेला ती मधापेक्षा अधिक मानवते, असे माझे मत आहे. जर्मन माणसाला ते पटेलच असे नाही. 250 ग्रॅम काकवी आणि 50 ग्रॅम लोणी मंद आचेवर एकजीव करावे, उकळू देऊ नये, आणि पूर्ण निवल्यावर त्यात एक अंडे, 350 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम बदामाची पूड, एक लहान चमचा सोडा आणि दोन चमचे मसाला घालावा. मसाल्यात दालचिनी आणि लवंगेबरोबर वेलदोडा, जायफळ, सुंठ आणि थोडे धणेही असतात. केकसारख्या पदार्थात धणे म्हटल्यावर आमच्या आत्याबाईंनी कपाळाला हात लावला होता.

फुगवण्यासाठी जर्मनीत पूर्वापार ‘हिर्शहॉर्नझाल्त्स’ वापरतात, म्हणजे आपले बेकरीवाले ज्याला नुसते अमोनिया म्हणतात तेच. पहिल्या खेपेला मी हौसेने तेच घातले. पातळ बिस्किटातून त्याचा वायू भाजताना निघून जातो. माझे तुकडे बोटभर जाड होते, त्यामुळे तो आतच अडकला आणि घरभर असा उग्र दर्प सुटला, की शेजारच्या काकू फिनेल सांडले का म्हणून विचारायला आल्या. तेव्हापासून मी सोड्यावरच भागवते.

मळलेला गोळा निदान एक रात्र झाकून ठेवावा. जुन्या पद्धतीत तो कित्येक आठवडे मुरवत. चिकट पीठ घट्ट झाले की सुमारे एक सेंटिमीटर जाड लाटून, गोल कापून, 180 अंशांवर 12 ते 15 मिनिटे भाजावे. कडा जरा घट्ट वाटल्या की लगेच बाहेर काढावे, कारण काकवी फार पटकन करपते.

खरी परीक्षा यानंतर असते. गेल्या डिसेंबरात निवलेला लेबकूखन ताटावर आपटून आत्याबाई म्हणाल्या, “ह्ये बिस्कीट न्हवं गं, पाटा हाय की!” त्यांचे काही चुकले नव्हते, त्या दिवशी तो तसाच असतो. आमची दुधाची मिठाई, कुंदा, करताना कढईपाशी उभे राहून हात मोडेपर्यंत ढवळावे लागते. इथे मात्र हात आवरून बसणे हेच काम. घट्ट झाकणाच्या डब्यात कागदावर सफरचंदाची एक फोड ठेवायची, दर दोन दिवसांनी ती बदलायची, नाहीतर बुरशी धरते. काकवीतली साखर त्या फोडीतला ओलावा ओढून घेते आणि आतला भाग हळूहळू सैल होतो. चौथ्या दिवशी बोटाने दाबल्यावर खळगा पडला. सातव्या दिवशी मी डबा उघडला तेव्हा 22 पैकी 9 उरले होते, आणि सफरचंदाची फोड मात्र कुणीतरी नीट पुन्हा जागेवर ठेवली होती.