ब्रिज तळाला टेकला, तारा तरी उंचच

ऑर्डरची गिटार जोडून झाली होती. १०-४६ चा (सर्वात पातळ तार ०.०१० इंच, सर्वात जाड ०.०४६) तारांचा संच चढवला, सूर लावले आणि बाराव्या फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या (दांड्यावरच्या) बाराव्या धातूच्या आडव्या पट्टीवर, मोजपट्टी धरली. जाड ई तारेखाली ३.३ मिलिमीटर. हवे होते १.८. ब्रिजची, म्हणजे बॉडीवर तारांना आधार देणाऱ्या भागाची, उंची ठरवणारी चाकं खाली घ्यायला गेलो, तर ती आधीच बॉडीला टेकलेली.

अशा वेळी लगेच ब्रिजच्या मागे लागू नये. आधी नेकचा बाक तपासला: पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटचा फ्रेट दाबलेला, सातव्यापाशी फट ०.२. ठीक. नटच्या, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचाही ठीक. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली की पहिल्या फ्रेटवर कागद जेमतेम सरकत होता. म्हणजे दोष नेकच्या कोनात होता.

बॉडीचं ड्रॉइंग बुटक्या सॅडलच्या (सॅडल म्हणजे तार टेकते तो ब्रिजचा तुकडा) सपाट ब्रिजसाठी केलेलं, आणि ब्रिज आयत्या वेळी बदलून ट्यून-ओ-मॅटिक हा उंच प्रकार घेतलेला. गिब्सनने तो १९५४ मध्ये आणला तोच मुळी नेक मागे झुकलेल्या गिटारींवर. इथे नेक बॉडीला समांतर. पुरता खाली घेऊनही सॅडलचा माथा बॉडीपासून १७ मिलिमीटरवर, आणि फ्रेटचा माथा जेमतेम साडेदहावर.

बॉडीत नेक बसतो ती खोबण आणखी खोल करावी, असं अनेकांना सुचतं. तसं मुळीच करू नका. नेक खाली जातो, तारा ब्रिजपाशी जागेवरच राहतात आणि अंतर उलट वाढतं.

बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर असतो, म्हणून तिथे १.५ कमी करायचं तर ब्रिजपाशी दुप्पट, म्हणजे ३ मिलिमीटर लागतात. पुढे वर-खाली करायला वाव हवा म्हणून ४ धरले. खोबण ७६ मिलिमीटर लांब, तिच्या पुढच्या कडेपासून ब्रिज २५० वर, गुणोत्तर ३.३. म्हणून खोबणीच्या ब्रिजकडच्या टोकाला १.२ मिलिमीटरचा उठाव पुरेसा होता. कोन एका अंशाहूनही कमी.

व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा एका टोकाला सरकवूनही कोन मिळतो, पण मधे पोकळी राहते आणि स्क्रू आवळल्यावर नेकचं टोक वाकून शेवटचे फ्रेट वर येऊ शकतात. मी खोबणीच्या पूर्ण मापाची मेपलची पाचर केली. उतार दिलेल्या एमडीएफच्या तुकड्यावर दुहेरी टेपने चिकटवून १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासली. पातळ टोक शून्यावर नेलं की ते चुरतं, म्हणून ०.२ ते १.४ ठेवलं. स्क्रूची भोकं सैल पाडली.

पाचर बसवल्यावर ब्रिज मिलिमीटरभर वर घ्यावा लागला आणि जाड ई १.८ वर, पातळ ई १.४ वर आली. पण आता पातळ तारा तेराव्या फ्रेटवर दाबल्या की खरखरत होत्या. इतके दिवस उंच तारांनी लपवलेला चौदावा फ्रेट वर होता. तीन फ्रेटांवर टेकणारी छोटी सरळ पट्टी त्याच्यावर डुलली. मार्करने रंगवून तेवढाच घासला, माथा पुन्हा गोल केला. मग इंटोनेशन, म्हणजे नेकभर सूर बरोबर यावा म्हणून सॅडलची पुढे-मागे जागा, नव्याने लावलं. तारांची उंची बदलली की ते सरकतंच.