अलर्ट दुपारी निघाला, आमच्याकडे सकाळी पोचला: आरटीआयचा माझा अनुभव

मागच्या वर्षी जुलैत रात्री अडीचच्या सुमाराला घरामागच्या ओढ्याचं पाणी आत आलं. ओढा म्हणजे काय, उन्हाळ्यात पोरं त्यात क्रिकेट खेळतात. आमच्याकडे नुसती रिपरिप चालू होती, वर डोंगरात मात्र धो धो झाला असणार, कारण तासाभरात गुडघाभर पाणी. माणसं सगळी वाचली. वडिलांच्या गिरणीची मोटार गेली, दोन बाइक गेल्या, शेजारच्या आजींची शेळी वाहून गेली. आणि सकाळी ६:५० ला गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला, ऑरेंज अलर्ट, ओढ्या-नाल्याकाठच्या लोकांनी सतर्क राहावे. मेसेज नीट वाचला तर वरती तारीख आदल्या दिवसाची, वेळ दुपारची.

तिथं माझं डोकं सटकलं. २०२३ मध्ये सगळ्यांचे मोबाईल एकदम किंचाळले होते आठवतंय का, सरकारचा टेस्ट मेसेज होता तो, तेव्हा आमचं बाळ दचकून रडलं होतं. त्या रात्री मात्र मोबाईल गप्प.

पंचनाम्याला तिसऱ्या दिवशी तलाठी भाऊसाहेब आले (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय पण गावात कोण म्हणतंय). त्यांना विचारलं तर म्हणाले, अहो माझ्याकडे तीन सजांचा (एका तलाठ्याकडची गावं म्हणजे एक सजा) चार्ज आहे, तुमच्या सजाची पोस्ट रिकामी आहे, मी त्या रात्री पलीकडच्या खोऱ्यात होतो. खरंच बोलत होते बिचारे, चिखलाने माखले होते. ग्रामपंचायतीत विचारलं, ते म्हणाले तहसीलमधून आलंच नाही. तहसीलमध्ये गेलो, तिथले म्हणाले आम्ही तर लगेच पुढं पाठवलं. मग चुकलं कुणाचं? कुणाचंच नाही.

म्हणून आरटीआय, म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज, टाकला. पहिला अर्ज रागात लिहिला, दोन पानं, "आम्हाला वेळेत का कळवले नाही, याला जबाबदार कोण, त्यांच्यावर काय कारवाई करणार" वगैरे. महिन्याने उत्तर आलं चार ओळींचं, कलम २(च) नुसार प्रश्नार्थक माहिती देय नाही, शिवाय अर्ज १५० शब्दांपेक्षा जास्त. संपला विषय. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट आणि एक महिना पाण्यात.

आमच्या आळीत एक काका आहेत, महसूलमधून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालेले. त्यांना ते उत्तर दाखवलं तर हसायलाच लागले. म्हणाले, अरे तू कारण मागतोयस, ऑफिसात कारण नसतं, रजिस्टर असतं, रजिस्टर माग. मग त्यांनीच बसून अर्ज सांगितले. आपल्याकडे एका अर्जात एकच विषय चालतो, म्हणून तीन वेगळे अर्ज, तिन्हीला जोडपत्र अ (अर्जाचा ठरलेला नमुना), तिन्हीला दहाचं तिकीट. एकात त्या दोन दिवसांचं तहसीलच्या कंट्रोल रूमचं संदेश रजिस्टर आणि रात्रीच्या ड्युटीचा आदेश. दुसऱ्यात तालुक्यातली मंजूर पदं, भरलेली आणि रिक्त. तिसऱ्यात आपत्ती आराखड्यातलं आमच्या गावाचं पान, संपर्क यादीसकट. "का" हा शब्द कुठंच नाही. आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, हे काकांचं खास बजावणं, शिक्का, तारीख, सही तिन्ही पाहिजे.

पदांचं उत्तर मुदतीत आलं, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. आमच्या मंडळात (काही सजा मिळून एक मंडळ) तलाठ्यांची सहा पदं, चार भरलेली. बाकीच्या दोन पदांचं काम कागदावर "अतिरिक्त कार्यभार" म्हणून व्यवस्थित वाटलेलं, म्हणजे कागदावर एकही गाव रिकामं नाही. हे वाचून मला पहिल्यांदा कळलं की रिकामी खुर्ची दिसतच नाही अशी सोय असते.

रजिस्टरचं उत्तर ३० दिवस उलटून गेल्यावर आलं, "सदर नोंदवही कार्यालयात आढळून येत नाही." मी खचलोच होतो, काका मात्र खूश. म्हणाले आता पहिलं अपील कर आणि त्यात महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ चा उल्लेख कर, सरकारी रेकॉर्ड नियम सोडून नष्ट केलं तर त्यात ५ वर्षांपर्यंत कैद किंवा १० हजारापर्यंत दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे. गंमत बघा, २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पडला ते २००५, माहिती अधिकार कायदा २००५, आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५, आणि हा रेकॉर्डचा कायदाही २००५. तर अपिलाला वीस रुपयांचं तिकीट लावलं आणि दिलं. सुनावणीची नोटीस येईपर्यंत नोंदवही सापडली होती. कपाटामागे पडली होती म्हणे.

सुनावणी दहा मिनिटांत संपली, मला रेकॉर्ड बघायची परवानगी मिळाली. झेरॉक्सवर भागवू नका, रेकॉर्ड बघायला मिळत असेल तर जाऊन बघाच. आजूबाजूची पानं दिसतात, शाई दिसते, खाडाखोड दिसते.

तर रजिस्टरमध्ये असं होतं. जिल्ह्याच्या कंट्रोल रूममधून मेसेज आला दुपारी ४:१०. नोंद आहे, सही आहे. "मंडळ अधिकारी व तलाठी ग्रुपवर पाठवला" ४:२५. म्हणजे तहसीलवाले खोटं बोलत नव्हते. पण पुढच्या रकान्याचं शीर्षक "पोचल्याची खात्री", आणि तो रकाना कोरा. नुसत्या त्या पानावर नाही, मागचे सगळे महिने उलटून बघितले, सगळीकडे कोरा. रात्रीच्या ड्युटीला दोघं होते, एक कारकून आणि एक शिपाई, त्यातला कारकून रजेवर, बदली कोण याची नोंद नाही. म्हणजे त्या रात्री तालुक्याची कंट्रोल रूम एका शिपायावर चालू होती. त्याने फोन केले असतील तरी कुणाला केले असतील, कारण आराखड्यातली आमच्या गावाची यादी बघितली आणि हसावं का रडावं कळेना. सरपंच म्हणून नाव मागच्या टर्मच्या सरपंचांचं. कोतवाल रिटायर झालेले. पोहता येणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव आमच्या चुलत आजोबांचं, ते जाऊन चार वर्षं झाली. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ३१ मध्ये जिल्हा आराखडा दरवर्षी तपासून अद्ययावत करायचा असं आहे. आमच्या पानाचं कव्हर अद्ययावत होतं, वर्ष बदललेलं.

एक गोष्ट मात्र मला हवामान खात्याच्या बाजूनेही म्हणायची आहे. ऑरेंज अलर्ट अख्ख्या जिल्ह्याला असतो, त्यात कुठला ओढा फुगणार ते नसतंच. ऑक्टोबर २०२० पासून दक्षिण आशियासाठी फ्लॅश फ्लड गायडन्सची, म्हणजे अचानक येणाऱ्या पुराच्या इशाऱ्याची, यंत्रणा चालते, त्यात लहान पाणलोटापर्यंत पुढच्या ६ तासांचा धोका आणि २४ तासांची जोखीम सांगतात. पण तेही अंदाजच. आणि आमच्या मंडळाचं पर्जन्यमापक डोंगराच्या अलीकडे, पाऊस पडला पलीकडे. त्या रात्रीची नोंद ३८ मिमी. अतिवृष्टी धरायला ६५ मिमी लागतो. म्हणजे कागदोपत्री आमच्याकडे साधा पाऊस झाला आणि मोटार आपोआप बुडाली. ओढ्याच्या वरच्या वाडीत राहणाऱ्या एका माणसाने दीड वाजता खाली फोन केला असता तर ते सगळ्या ॲपपेक्षा भारी ठरलं असतं, आणि तो माणूस त्या रात्री जागा होता, त्याने नंतर सांगितलं. त्याच्याकडे कुणाचा नंबरच नव्हता.

सगळी झेरॉक्स घेऊन ग्रामसभेत गेलो. थोडी आदळआपट झाली, एकाने विचारलं तुला निवडणूक लढवायची आहे का. पण यादी तिथल्या तिथं नवीन झाली, वरच्या वाडीतल्या तिघांची नावं घातली, देवळाच्या भोंग्याची किल्ली कुणाकडे असते ते लिहिलं (पुजाऱ्याकडे होती, आणि पुजारी रात्री दुसऱ्या गावात झोपायला जातात, ही माहिती कुठल्या आराखड्यात मिळणार). पोरांनी पुलाच्या खांबावर ऑइल पेंटने पाण्याच्या पातळीचे पट्टे मारले. ठरावाची प्रत तहसीलला दिली, पोच घेतली. रिकाम्या पदांबद्दलही लिहिलं होतं, त्याला उत्तर आलं, "सदर बाब शासन स्तरावरील आहे." तो कोरा रकाना का भरत नाहीत याबद्दल मात्र कुणीच काही लिहून दिलं नाही. माझं एक दुसरं अपील माहिती आयोगाकडे पडून आहे, तारीख लागली की कळवेन.

यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात रात्री साडेनऊला अनोळखी नंबरवरून फोन आला. तहसील कंट्रोल रूममधून बोलतोय, यादीतले नंबर चालू आहेत का बघतोय. मी म्हणलं चालू आहे, बोला. पलीकडून कागदाचा आवाज आला, मग तो म्हणाला, साहेब तुमच्या नावापुढे पद काय लिहू? मी म्हणलं काही नाही, ओढ्याकाठी राहतो. तो जरा थांबला, म्हणाला, बरं, आणि तुमच्या तलाठ्यांचा नंबर लागत नाहीये, नवीन आलेत का कुणी?

मी म्हणलं, नाही अजून.