सपाट रेघ आणि ८० पटींचा फरक

सोयाबीनमधलं लिपॉक्सिजनेज हे माझं रोजचं एन्झाइम. लिनोलेइक आम्ल या स्निग्धाम्लाच्या अकराव्या कार्बनवरचा एक हायड्रोजन ते काढून घेतं, मग रेणूला ऑक्सिजन जोडला जातो आणि तयार झालेलं संयुग २३४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषतं. संयुग साठत जातं तशी पडद्यावरची रेघ चढते.

त्या दिवशी आम्ल तेच होतं, फक्त त्या कार्बनवर हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम, म्हणजे हायड्रोजनचाच जड भाऊ. एन्झाइम घातलं. रेघ जराशी उचलली आणि आडवी झाली. सहकारी डोकावून म्हणाला, "मेलं तुझं एन्झाइम."

त्याच कुपीतला थेंब साध्या आम्लात टाकला, तर रेघ सरळ वर. मग त्याने दुसरी शंका काढली: या एन्झाइममधलं लोह आधी फेरस असतं, थोडं उत्पादन मिळून ते एक इलेक्ट्रॉन गमावून फेरिक होईपर्यंत गाडी हलत नाही. शंका रास्त होती, पण ते उत्पादन मी दोन्हीकडे आधीच घातलं होतं.

मग अक्ष ताणून पाहिला. आडवी वाटणारी रेघ चढत होती, पण साध्या आम्लापेक्षा सुमारे ८० पट मंद. सुरुवातीची ती उचल भेसळीची. जड आम्लात शंभरात दोन रेणू साधे राहिले, तरी इतक्या फरकापुढे आरंभीचा निम्म्याहून जास्त वेग त्यांचाच असतो. ते संपेपर्यंत थांबावंच लागतं. घाईने पहिला उतार मोजणाऱ्याला दोन वेगांचं गुणोत्तर बरंच लहान मिळतं.

८० का खटकतं? ड्युटेरियमचा बंध किंचित खालच्या ऊर्जेवर कंप पावतो, म्हणून तोडायला जड जातो. खोलीच्या तापमानाला या हिशेबाने साधारण ७ पट फरक पडतो. (बंधाच्या या किमान कंपाची शून्यबिंदू ऊर्जाही पुंजयांत्रिकीचीच, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्सचीच, पण तिचं कौतुक कोणी करत नाही.) त्याच्या कितीतरी पुढे जायचं तर हायड्रोजन ऊर्जेच्या भिंतीवरून नव्हे, आरपार जातो असं मानावं लागतं; यालाच टनेलिंग म्हणतात. दुप्पट वस्तुमानाच्या ड्युटेरियमची लहर भिंतीत फार लवकर विरते. शिवाय एवढा फरक निव्वळ भिंतीच्या उंचीमुळे असता, तर तापवल्यावर तो झपाट्याने ओसरला असता. आम्ही पाण्याचं तापमान वाढवत नेलं. गुणोत्तर फारसं हललं नाही.

यीस्टच्या अल्कोहोल डिहायड्रोजनेजमध्ये ज्युडिथ क्लिनमन यांच्या गटाने असं टनेलिंग १९८९ मध्येच दाखवलं होतं. तरी जीवशास्त्रातल्या पुंजयांत्रिकीचा विषय निघाला की लोकांना प्रकाशसंश्लेषण आठवतं. २००७ मध्ये ७७ केल्विनच्या कडाक्याच्या थंडीत दिसलेली ती ऊर्जावहनातली प्रसिद्ध पुंज-स्पंदनं! नंतरच्या मोजमापांत सामान्य तापमानाला इलेक्ट्रॉनांची सुसंगती, म्हणजे त्यांच्या लहरींचा जुळलेला ताल, ६० फेम्टोसेकंदांतच (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश) मावळली. मला आपली ही कंटाळवाणी रेघ जास्त भरवशाची वाटते.

"पण एन्झाइम टनेलिंगला मदत करतं, की ते आपोआपच होतं?" सहकाऱ्याचा हा प्रश्न मात्र टाळता येईना. २०१४ मध्ये याच एन्झाइममधली दोन ल्युसिन ही अमिनो आम्लं बदलून त्यांच्या जागी लहान ॲलॅनिन घातल्यावर गुणोत्तर ५००च्या वर गेलं आणि वेगही कोसळला. म्हणजे मूळ प्रथिन हायड्रोजन देणाऱ्या-घेणाऱ्या अणूंना नेमकं जवळ धरून ठेवतं, असं मी म्हटलं. त्याला ते पटलं, पण उत्क्रांतीने त्यासाठीच ती पकड घडवली हे नाही पटलं. टनेलिंग तर एन्झाइमविना होणाऱ्या अभिक्रियांतही होतं, म्हणाला. त्यावर माझ्याकडे मोजमाप नव्हतं.