डी-२८ घेऊ की नको

यंदा जानेवारीत माझा मित्र शिपवरून सुट्टीला घरी आला. तो क्रूझवर बँडमध्ये वाजवतो, आठ महिने बाहेर आणि चार महिने गोव्यात, आणि या खेपेला येताना अमेरिकेत घेतलेली मार्टिन कंपनीची डी-२८ गिटार घेऊन आला. त्याच्या घरी फरशीचं काम निघालं होतं, सगळीकडे धूळ, म्हणून म्हणाला तुझ्याकडे ठेव काम होईपर्यंत. असे पाच आठवडे ती गिटार आमच्या फोंड्याच्या घरी होती आणि त्या पाच आठवड्यांत मी तिच्यापासून लांब राहूच शकलो नाही. ऑफिसातून आलो की चहा व्हायच्या आधी केस उघडायची.

आपल्याकडे ही गिटार नवीन घ्यायची तर तीन लाखांच्या पलीकडे जाते. मी बँकेत कर्जखात्यात काम करतो, दिवसभर लोकांना हेच विचारतो की ही वस्तू तुम्हाला खरंच लागते का, मग स्वतःला विचारल्याशिवाय कसं चालेल. म्हणून ठरवलं की गिटार हातात आहे तोवर नीट तपासून बघायचं, तीन लाख नेमके कशाचे असतात ते.

माझ्याकडे यामाहाची एफजी ८०० होती. पुढची फळी सॉलिड, म्हणजे अखंड लाकडाची, स्प्रूसची, बाजू आणि पाठ लॅमिनेट, म्हणजे प्लायच. वीस हजारांच्या आसपासची चांगली प्रामाणिक गिटार. पण पहिल्यांदा दोन्ही शेजारी ठेवून वाजवल्या तेव्हा माझी इतकी वाईट वाटली की मलाच शंका आली, काहीतरी अन्याय होतोय. बघितलं तर माझ्या गिटारच्या तारा बाराव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या बाराव्या धातूच्या आडव्या पट्टीवर, केवढ्या तरी उंच होत्या. हे मोजायची माझी पद्धत सांगतो, तीन एटीएम कार्डं एकावर एक ठेवायची, त्यांची जाडी साधारण २.३ मिलीमीटर होते, आणि ती जाड ई तारेखाली बाराव्या फ्रेटवर सरकवायची. तार कार्डांना जेमतेम लागली तर उंची ठीक. माझ्या गिटारमध्ये चार कार्डं आरामात जात होती! म्हापशाला सेटअप करणारा एक मुलगा आहे, त्याच्याकडे नेली, त्याने सॅडल (तारा खालच्या बाजूला टेकतात ती पट्टी) घासलं, मानेतली सळई, ट्रस रॉड, थोडी फिरवली, नटच्या (मानेच्या वरच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचा नीट केल्या, १,५०० रुपये घेतले. मग दोन्ही गिटारना एकाच कंपनीच्या, एकाच जाडीच्या नव्या तारा घातल्या. अर्धा फरक तिथेच गेला. ज्यांना आपल्या गिटारचा कंटाळा आलाय त्यांनी नवीन बघायच्या आधी हे १,५०० खर्च करा, अगदी मनापासून सांगतो.

पण उरलेला अर्धा फरक काही गेला नाही, आणि तो नेमका कुठे आहे ते मला कळत नव्हतं. म्हणून एका रविवारी बाबांना आणि बायकोला सोप्यावर बसवलं, मी आतल्या खोलीत, दार ओढून घेतलेलं, आणि नाणं उडवून कधी ही कधी ती अशी बारा वेळा वाजवली. आधी जोरात स्ट्रमिंग, म्हणजे सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवत. बाबांचे बारातले सात बरोबर, बायकोचे सहा, म्हणजे अंदाजपंचे. मला खरं तर आनंदच झाला, म्हटलं वाचले पैसे. मग तसंच बारा वेळा बोटांनी, अगदी हळू, रात्री सगळे झोपल्यावर वाजवतो तसं. बायकोचे नऊ बरोबर आले आणि बाबांचे अकरा.

बाबा गिटार वाजवत नाहीत, त्यांचं आयुष्य पेटीवर आणि भजनात गेलं. ते म्हणाले, "हळू वाजवलंस की तुझीचा स्वर पडतो रे. त्याचीचा उभा राहतो."

त्या एका वाक्यात मला माझं उत्तर मिळालं असं मी म्हणेन. मग मी ते स्वतः ऐकायला लागलो. एकच तार, दुसरी, पहिल्या फ्रेटवरचा सी, अंगठ्याच्या मांसल भागाने जेमतेम सोडायची. माझ्या यामाहावर एवढ्याशा स्पर्शाला नुसता टक्क असा आवाज येतो आणि मागे थोडासा सूर, तोही लगेच विरतो. डी-२८ वर तेवढ्याच स्पर्शाला पूर्ण गोल सूर, आणि तो छातीला टेकलेल्या पाठीतून अंगात जाणवतो, मी बोट उचलेपर्यंत तसाच. कारण समजायला अवघड नाही, फळी पातळ आणि आतल्या पट्ट्या हलक्या असल्या की थोड्याशा जोराने सगळं हलतं. स्वस्त गिटार कंपन्या जरा जाड आणि दणकट बनवतात, कारण ती जगभर कुठेही पडून राहिली तरी वाकून परत यायला नको. जोरात वाजवली की ती जाड फळीही हलते, म्हणून स्ट्रमिंगमध्ये फरक कळत नाही. महागाचे पैसे हळू वाजवण्यात आहेत.

म्हणजे जो लग्नात, पार्टीत, पिकअप लावून स्पीकरमधून वाजवतो त्याने हे पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत झालंय. त्याच्या हातातल्या गिटारचा तो मऊ सूर ढोलकी आणि कीबोर्डच्या मागे कुणाच्याच कानावर पोचणार नाही. मी मात्र नव्वद टक्के वेळ रात्री एकटा वाजवतो.

आता लाकडाचं. डी-२८ ची पाठ शिसवीची. शेजारी कपाट दुरुस्तीला मेस्त, म्हणजे सुतार, आला होता त्याला दाखवली, त्याने पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "हें आमचेंच लांकूड मरे!" आणि बरोबरच होतं त्याचं. मार्टिन कंपनी १८३३ पासूनची, आधी ते ब्राझीलचं शिसव वापरायचे, १९६९ च्या सुमारास ते मिळेनासं झालं तेव्हा भारतीय शिसवीवर आले, डालबर्जिया लॅटिफोलिया, आपल्या सह्याद्रीत वाढणारं झाड. माझ्या आजीचा पलंग त्याच लाकडाचा आहे. ब्राझीलच्या शिसवीवर १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराची बंदी आहे, आणि २०१७ ते २०१९ मध्ये तर सगळ्याच शिसवी जातींना कागदपत्रं लागायची, माझा मित्र तेव्हा गिटार घेऊन परदेशी बंदरात उतरायला घाबरायचा. आता ब्राझीलची सोडून बाकी शिसवीच्या तयार वाद्यांना सूट आहे.

तर लाकडाचा हा एवढा बोलबाला, पण आवाजाचं काय? इंग्लंडमधल्या लँकॅस्टर विद्यापीठात याचा प्रयोग झालाय, २०१८ साली तो छापून आला. एकाच कारागिराने सहा गिटार बनवल्या, सगळं सारखं, फक्त पाठ आणि बाजूंचं लाकूड वेगळं, ब्राझीलच्या शिसवीपासून महोगनी, सपेलीपर्यंत. ५२ वादकांना काही दिसणार नाही अशा रीतीने वाजवायला दिल्या. आवाजाला दिलेल्या मार्कांत जवळपास काहीच फरक पडला नाही, स्वस्त लाकूड आणि महाग लाकूड सारखंच. हे वाचल्यावर मला एकदम वाटलं की मी चुकीच्या गिटारवर अडून बसलोय. मार्टिनचीच डी-१८ आहे, तोच आकार, पुढे तीच सिटका स्प्रूसची फळी, पाठ महोगनीची, आणि डी-२८ पेक्षा स्वस्त. बाबांनी जे ऐकलं ते मुख्यतः पुढच्या फळीचं काम होतं. मग पाठीचे पैसे मी का भरू? आजीच्या पलंगासाठी जीव तुटतो ते वेगळं.

एक गोष्ट रागाने सांगतो. याच दिवसांत मी एका दुकानात, नाव घेत नाही, ६५ हजारांची एक गिटार बघितली, दुकानदार छातीठोकपणे म्हणाला फुल सॉलिड. मी मोबाइलचा टॉर्च लावून साउंडहोलमधून, पुढच्या गोल भोकातून, आत बघितलं. पाठीवर बाहेरून जे रेघांचं डिझाइन होतं, एक गाठ होती खालच्या बाजूला, ती आतून नव्हतीच! सॉलिड फळी असती तर बाहेरची गाठ आतही दिसायला हवी. पुढच्या फळीसाठी साउंडहोलच्या कडेला बघायचं, वरच्या रेघा कडेवरून सरळ खाली उतरतात का, की मध्ये थर दिसतात. त्याला दाखवलं तर म्हणाला टॉप सॉलिड आहे ना मग सॉलिडच म्हणतात. नाही म्हणत. लोक आयुष्यभराची बचत घेऊन येतात, त्यांच्याशी असं बोलू नये. आणि नुसतं हेडवरचं नाव बघूनही भुलू नका, मार्टिनच्या एक्स सिरीजला आणि टेलरच्या १०० सिरीजला पाठ-बाजू लॅमिनेटच असतात. कंपनी ते उघड लिहिते, आपण वाचत नाही.

आता खरा प्रश्न, जो पुण्या-मुंबईचे लोक विचारत नाहीत आणि गोव्यात पहिला विचारायला हवा. पावसाळा.

सहा वर्षांपूर्वी मी एक जुनी फुल सॉलिड गिटार हौसेने घेतली होती आणि भिंतीवर हुकाला टांगून ठेवली. आमच्या चिऱ्याच्या भिंती, जुलैत त्यांना ओल सुटते, चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी येते, मीठ पाणी सोडतं. ऑगस्टमध्ये बघतो तर ब्रिजच्या, म्हणजे फळीवर चिकटवलेल्या आणि तारा अडकवायच्या पट्टीच्या, मागे फळी फुगून पोट आल्यासारखी, तारा वर गेलेल्या, आणि ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकत होता. लाकूड ओल पितं ते रेघांच्या आडव्या दिशेने फुगतं, पण आतून पट्ट्या चिकटवलेल्या असतात त्या तेवढ्या फुगत नाहीत, मग फळीला वर उचलण्याशिवाय जागाच उरत नाही. ब्रिज परत चिकटवायला ४,००० गेले आणि ती गिटार पुन्हा पूर्वीसारखी झालीच नाही. ते पोट आठवलं की अजून वाईट वाटतं.

कंपन्या सांगतात ४५ ते ५५ टक्के आर्द्रता ठेवा. आमच्या घरात जुलैत काटा ८८ दाखवतो. केसमध्ये ठेवायची ती ह्युमिडिटीची पाकिटं एवढ्या ओलीपुढे टिकत नाहीत, महिन्याभरात पाणी पिऊन टम्म. म्हणून गिटारच्या आधी मी वरची लहान खोली तयार केली, खिडकीच्या फटी बुजवल्या, १४ हजारांचा डीह्युमिडिफायर घेतला. भर पावसात तो दिवसाला तीनेक लिटर पाणी काढतो, नुसत्या त्या एका खोलीतून! आर्द्रता मोजायचं मीटर ४०० रुपयांचं, पण ते खरं बोलतंय का ते बघायची सोपी युक्ती आहे, बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंब थेंब पाण्याने ओलसर करायचं, मीटरसोबत हवाबंद डब्यात सात-आठ तास ठेवायचं, आतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. माझं मीटर ७१ दाखवत होतं, म्हणजे चार कमी. मीठ पाकिटातलं घ्या, मिठागराचं जाडं मीठ नको, त्यात इतर क्षार असतात.

ज्याच्याकडे अशी खोली होणं शक्य नाही त्याने लॅमिनेटचीच गिटार घ्यावी, त्यात काही कमीपणा नाही. प्लाय ओलीने फारशी हलत नाही. माझी यामाहा पुढची फळी सॉलिड असूनही सात पावसाळे खालच्या खोलीत केसमध्ये काढून तशी बरी आहे.

एप्रिलमध्ये पुण्यात एक वापरलेली डी-१८ विकायला आहे असं कळलं. १ लाख ७० हजार. मालकाला आधीच सांगितलं की मला दोन तास लागतील, तोही बिचारा वाजवणारा, म्हणाला चार घ्या. कार्डं सरकवली, ठीक. व्हिजिटिंग कार्ड ब्रिजच्या कडेने फिरवलं, कुठेच आत गेलं नाही. मग लांब स्टीलची पट्टी फ्रेटांवरून ब्रिजकडे धरली, तिचं टोक ब्रिजच्या वरच्या कडेवर टेकायला हवं, खाली आपटलं तर मानेचा कोन गेलाय आणि नेक रीसेट, म्हणजे मान काढून पुन्हा बसवणं, लागणार, जे काम करणारे आपल्याकडे फार थोडे आणि खर्च मोठा. ते टेकलं. छोटा आरसा आत घालून पट्ट्या बघितल्या, बोटाच्या पेराने फळीवर ठिकठिकाणी ठोकून ऐकलं, कुठे सुटलेलं असलं तर फरफर येते. नाही आली. पहिल्या तीन फ्रेटांवर थोडी झीज, ती चालते. कंपनीची वॉरंटी पहिल्या मालकापुरतीच असते, ती गेली, पण नव्यापेक्षा किमतीत जे वाचले त्यात ती धरली. शेवटी तीच तार, पहिल्या फ्रेटवरचा सी, अंगठ्याने जेमतेम. सूर उभा राहिला.

तारा थोड्या सैल करून रात्रीच्या बसने आणली, पणजीपर्यंत मांडीवर. घरी येऊन एक अख्खा दिवस केस उघडली नाही, पुण्याच्या एप्रिलमधली कोरडी हवा आणि आमची दमट, सावकाश सवय होऊ दिली.

बायकोला हिशोब दाखवला, दहा वर्षं, वर्षाला दोनशे दिवस, दिवसाला ८५ रुपये. तिने तो कागद बाजूला ठेवला आणि म्हणाली, "वर्षाला दोनशे दिवस वाजव मग." जुलै संपत आला, एप्रिलपासून फक्त अकरा दिवस चुकलेत, मी कॅलेंडरवर खुणा करतोय.

काल रात्री जेवण झाल्यावर बाबा जिना चढून वर आले, गुडघे दुखतात तरी, सोबत पेटी मला आणायला लावली. म्हणाले काळी एक. मी पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून सूर चढवणारा चिमटा, लावला आणि सीचे शेप्स धरले, म्हणजे सूर काळी एकचे. वाजवताना डीह्युमिडिफायर बंद करावा लागतो, त्याची घरघर हळू सुरांच्या आड येते. बाहेर पाऊस कौलांवर नुसता कोसळत होता. मीटरवर ५१ होते, मग ५३, एक अभंग संपेस्तोवर ५६. बाबांनी अजून एक म्हटला. ५८ झाले तेव्हा मी गिटार पुसून केसमध्ये ठेवली, कड्या लावल्या आणि मशीन चालू केलं.